अर्धी खराद

१६ मार्च २०२५

धनराज,

पत्र हातात पडल्यावर आधी उलटं करून पाहशील, कोणाचं म्हून. तुझ्या वयनीचं आहे, रुखमाबाईचं. अक्षर अजून तसंच वाकडं आहे, तू ज्याले हासत होता ते. तुझा फोन नंबर लच्छू कंडक्टरनं आणून देल्ला होता, पण मी लावला नाई. माझा आवाज ऐकला की तू कट करशील. पत्र फाडाचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागते, अन् हातात घेतलं की माणूस दोन ओळी वाचतेच.

इकडे सारे बरे आहेत. तुझे भाऊ बरे आहेत. आमची पोरगी नीलिमा चंद्रपूरले तिच्या घरी सुखी आहे. आत्याबाई, तुझी आई, अन् तुझे बाबा गेल्यावर घर मोठं वाटते, बाकी काही नाई.

आता काम सांगते. घरकुल मंजूर झालं म्हून आम्ही मांगचा गोठा पाडाले घेतला. पाडता पाडता कोपऱ्यातून ते निघालं, खरादचं हेड. तुझ्या बाबानं नागपूरहून जुनी आणली होती ती लाकूड काताची खराद, जिच्यावर साऱ्या गावाच्या खाटेचे पाय अन् पाळण्याचे दांडे उतरले. हेड आमच्या वाट्याचं, मोटार ज्याले फिरवते ते. टेल तुझ्या वाट्याचं, लाकडाचं दुसरं टोक धरून ठेवणारं. आता सांगाची लाज वाटते, पण आम्ही त्या हेडले इतकी वर्षं वासरू बांधत होतो. शेणात रुतून गेलं होतं.

भंगारवाला आला होता. तो म्हणे पुरी मशीन असेल तर नेतो, अर्धी नेऊन काय करू. म्हून विचारते. टेल तुझ्याकडे असेल तर लच्छूच्या हातानं पाठवून दे. तो एटापल्लीच्या गाडीवर आहे, मूलच्या स्टँडवर उतरवून देईल. विकलं असेल, फेकलं असेल, तर तसं कळव. मी काही म्हणणार नाई.

सोमारीले अन् तुमच्या पोरीले, दिव्याले, मी विचारलं म्हून सांगजो. दिव्या आता नर्सिंगले आहे, असं लच्छू म्हणत होता. ऐकून बरं वाटलं.

हे पत्र तुझ्या भावाले माहीत नाई. कळवाचं कामही नाई.

तुझी वयनी


९ एप्रिल

धनराज,

लच्छू म्हणते, पत्र तुझ्या हातातच देल्लं. तू खिशात टाकलं, त्याले पाणी पाजलं अन् मोह वेचाले निघून गेला. बरं केलं पाणी पाजलं ते. मोहाचे दिवस आहेत, सकाळपासून जंगलात असशील, फुरसत नसेल, असं मी माझ्या मनाले समजावून ठेवलं आहे. पण किती दिवस समजावू?

एक गोष्ट आधी सांगून टाकते. भंगारवाला कोणी आला नव्हता. मी बनवून लिहिलं. हेड विकाचं नाई. तुझे भाऊ ते खोलून राह्यले.

गोठ्यातून काढलं त्या दिवशी मी म्हटलं, कुंपणापाशी ठेवून देऊ. ते तसेच खाली बसले अन् हात फिरवत राह्यले, पुलीवर, बोल्टावर, मागच्या कडीवर. मंग म्हणाले, "रुखमा, डिझेल आहे का घरात?" मी भैयाजीच्या राईस मिलमधून डबकीभर आणलं. घमेल्यात हेड बुडवून ठेवलं. रोज सकाळी उठले की आधी घमेल्यापाशी. चहा तिथंच मागते. पुली हलवून पाहते, नाई हलत, परत डिझेल ओतते. आठवडा झाला तरी ती जागची हलेना. मंग त्याइनं गोवऱ्या लावल्या भोवताल, मंद, जशा दूध तापवाले लावतो तशा. गरम झाल्यावर लाकडी मोगरीनं ठोकत राह्यले. लोखंडानं नाई, लाकडानं. मी म्हटलं जोरात हाणा की एकदा. म्हणाले, "जोरात हाणून काय झालं ते एकदा पाह्यलं आहे."

तिसऱ्या दिवशी पुली फिरली. करकर आवाज झाला अन् बोटभर सरकली. तुझा भाऊ हासला, धनराज. मी कितीतरी दिवसात पाह्यलं नव्हतं.

आता एकेक बोल्ट रेतीनं घासून राह्यले. मी जवळ बसते, उचलून देते. समोर पडलेला बोल्ट भी मागते माझ्याकडून. "इथी रेघ आहे का पाह्य," म्हणते, मी सांगते आहे. बोटानं चाचपून ओळखते कोणता कुठचा. आता वय झालं, दुसरं काय.

खालच्या लोखंडी पट्ट्या सापडल्या. आम्ही त्याच्यावर पाण्याचे गुंड ठेवत होतो. गुंड आता जमिनीवर आले.

टेलचं कळव. नाई तर नाई म्हून तरी कळव.

वयनी


४ मे

धनराज,

तू उत्तर देत नाई, म्हून आता खरं लिहिते. मी मानानं लपवत होती. त्याइचा मान राहावा म्हून.

तुझ्या भावाचे डोळे गेले.

उजवा पुरा गेला. डाव्यात नळीतून पाहावं तेवढं राह्यलं आहे, समोरचं दिसते, बाजूचं नाई. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगतलं काचबिंदू आहे, गेलं ते परत येत नाई, राह्यलं ते थेंब टाकून सांभाळा. आम्ही उशिरा गेलो. ते कोणाले सांगतच नव्हते. लटारूच्या घराची चौकट वाकडी बसली तेव्हा त्याइनं लाकडाले दोष देल्ला. मंग आरीनं अंगठा कापला. मंग लोकाइनं काम देणं बंद केलं, कोणी तोंडावर बोललं नाई, नुसतं यायचे बंद झाले. सुतारकामात मुखरू वाढई म्हटलं की सारा तालुका ओळखत होता त्या माणसाले.

गेल्या पावसाळ्यापासून ते ओसरीत बसून होते. भिंतीकडे तोंड करून. मी जेवाले बोलवलं की जेवाचे, झोपा म्हटलं की झोपाचे. एकदा मले म्हणाले, "मी आता घरात ठेवलेली वस्तू झालो, रुखमा. पुसून ठेवत जा." दिवाळीनंतर एका सकाळी घरात नव्हते. शोधत गेली तर बोडीच्या पाळीवर, खोल पाण्यापाशी उभे, काठी बाजूले टाकून. म्हणाले वाट चुकलो. त्याइच्या जन्माची वाट आहे ती. मी हात धरून घरी आणलं, विचारलं नाई, अन् तेव्हापासून माझी झोप लागत नाई.

म्हून मी गोठा पाडाले घाई केली. हेड तिथी आहे हे मले माहीत होतं. निघालं नाई, मी काढलं.

खरादले डोळे लागत नाई म्हणते ते. लाकूड फिरते, पटाशी टेकवली की हाताले कळते, कुठी फुगलं, कुठी खोल गेलं. मशीन थांबवून बोट फिरवलं की डोळ्यापेक्षा जास्त समजते. तुझे बाबा शेवटी शेवटी डोळे मिटूनच काम करत होते म्हणे. तुले आठवत असेल. मले मशीनीची हौस नाई, धनराज. मले सकाळी उठून कुठं तरी जाणारा माणूस पाह्यजे, ओसरीतून पडवीपर्यंत का होईना.

तू म्हणशील, तोडली कोणी होती? त्याइनंच तोडली, मी कुठं नाई म्हणते. तू सोमारीले एटापल्लीकडून लग्न करून आणलं अन् आत्याबाईनं तिले चुलीपाशी येऊ देल्लं नाई. मले वाटलं तुझे भाऊ मधी पडतील. पडले, पण आईच्या बाजूनं. गोंडाच्या पोरीच्या हातचं मी खाणार नाई, असं साऱ्या गावासमोर, तिच्या देखत म्हटलं. दिव्या तेव्हा तिच्या पोटात होती. मी भांडली त्याइच्याशी, तुले ऐकू गेलं असेलच, भिंत पातळ होती. तू त्याच दिवशी वाटा मागितला.

आपली रीत, मोठ्यानं वाटे लावाचे अन् धाकट्यानं पहिले उचलाचं, म्हणजे लावणाऱ्याले लबाडी करता येत नाई. बैल दोन होते, एकेक झाला. भांडी झाली, धान झालं. खराद एकच. तुझे बाबा ओसरीतून म्हणत होते तिले हात लावू नका, तिची वाटणी होत नाई. पण तुम्हा दोघाइच्या अंगात तेव्हा आलं होतं. तू म्हणाला, साऱ्याची वाटणी म्हणजे साऱ्याची. ह्याइनं पाना घेतला अन् भर अंगणात, गाव उभं असताना, बोल्ट खोलले. एका बाजूले हेड अन् खालच्या पट्ट्या. दुसऱ्या बाजूले टेल अन् पटाश्यांची पेटी. म्हणाले, उचल.

तू टेल उचललं अन् सोमारीच्या गावाकडे निघून गेला. दुसऱ्या कोणत्या गावात अशी अक्कल कोणी चालवली नसेल. खराद कापून दोन भावाइनं वाटून घेतली, अन् दोघाइच्या घरी एक लाटणं उतरलं नाई.

तेव्हापासून ते एकच धरून बसले, की लहान्यानं मुद्दाम टेल नेलं, माझी मशीन बंद पडावी म्हून. खरं काय ते तुले माहीत. मी भांडण मिटवाले नाई लिहीत. त्याइच्या हातात पटाशी यावी म्हून लिहिते. टेल पाठव.

वयनी


२० जुलै

धनराज,

धानाचे रोवणे सुरू आहेत, पाठ मोडली आहे, तरी लिहिते. तुझ्याकडचं काही आलं नाई. नदीले पूर आला, रस्ता बंद आहे, असं लच्छू म्हणते. पण मे महिन्यात पूर नव्हता.

मूलचा अश्वजित, मोटार वाइंडिंगवाला, आमची जळलेली मोटार खरादसाठी नवी तार भरून घेऊन आला. भला माणूस आहे, तोंडानं फटकळ. त्यानंच हेडचे पितळी बुश नवे करून आणले, जुने अंड्यासारखे झिजले होते. भैयाजीनं मिलमधल्या जुन्या बेल्टचा तुकडा देल्ला. बसवलं सारं पडवीत. बटन दाबलं अन् हेड फिरलं. मले वाटलं आवाज होईल. नाई झाला. नुसतं गुणगुणत राह्यलं.

अश्वजितनं विचारलं, टेल कुठी आहे? मी सांगतलं, दिराच्या वाट्याले गेलं. तो हासाले लागला. मंग त्यानं विचारलं, पहिले कोणी उचललं? मी म्हटलं, दिरानं, तो धाकटा. तो हासाचा थांबला.

म्हणाला, "वहिनी, टेल काय, लोखंडी चॅनलच्या तुकड्यापासून मी आठवड्यात बनवून देतो. गावचा लोहार भी देईल. हेड नाई बनत असं. हेड असलं तर माणूस टेल बनवून मशीन चालवू शकते, अन् टेल नसलं तरी चाकं, थाळ्या, दिवट्या उतरवू शकते, एका बाजूनं. टेल घेऊन काय करू शकते? दारात ठेवू शकते. पहिला हात ज्याचा होता त्यानं हेड सोडलं. त्यानं तुमच्यासाठी मशीन सोडून देल्ली."

तुझे भाऊ तिथंच होते. फडक्यानं हात पुसत होते. अश्वजित बोलून झाला तरी ते तोच हात पुसत राह्यले. मंग म्हणाले, चहा ठेव. मी ठेवला, त्याइनं प्यायला नाई.

मी तुले विचारते, धनराज. असंच होतं का? तुले तेव्हा बाबाच्या हाताखाली खराद ह्याइच्यापेक्षा चांगली येत होती, हे सारे म्हणत. टेल घेऊन आपल्याले काही करता येणार नाई हे तुले न कळण्यासारखं नव्हतं. मंग इतकी वर्षं आम्ही कशाचा राग धरून बसलो होतो? ह्याइनं मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी लोहाराकडून टेल बनवून घेतलं असतं. नाई आणलं. तुझ्यावर राग धराले बंद मशीन बरी होती.

रात्री जेवताना एकदम म्हणाले, "उचलाच्या आधी लहान्यानं मले विचारलं होतं. भाऊ, खरंच का, असं म्हटलं होतं. मी तिकडे पाह्यलं नाई." एवढंच. मंग भात चिवडत राह्यले.

मले रडू आलं. मी परात घासाच्या निमित्तानं मागे गेली.

वयनी


२४ ऑगस्ट

धनराज,

दोन ओळी लिहिते. पोळा झाला, काल तान्हा पोळा भी झाला.

अश्वजित टेल बनवून देतो म्हणत होता, ह्याइनं नको म्हटलं. कारण सांगतलं नाई. हेडले तव्यासारखी चकती लावून घेतली अन् शिवणीच्या लाकडाची चाकं उतरवाले लागले, पोराइच्या लाकडी बैलासाठी. पहिली दोन फेकली. तिसऱ्यापासून हात बसला. पटाशी फिरत्या लाकडापाशी नेली की मी श्वास धरून बसाची. ते म्हणाले, "तू जा अंदर, तुझा श्वास मले ऐकू येते." मी गेली. दारामागून पाह्यलं.

काल पोरं आपापले बैल घेऊन मारुतीपाशी आले. किती बैल ह्याइच्या चाकावर होते. तुझे भाऊ पारावर बसले होते, कपाळाले गुलाल, अन् नुसतं ऐकत होते. एका पोरीले जवळ बोलावून म्हणाले, तुझ्या बैलाचं मागचं डावं चाक आवाज करते, उद्या घेऊन ये. पोरगी चाट पडली.

आज सकाळी ती बैल घेऊन आली अन् हे चहा न घेता पडवीत गेले.

तू काही पाठव नाई तर नको पाठवू. मी हे तुले सांगाचं म्हून सांगतलं. बाबाची मशीन चालून राह्यली.

वयनी


१९ सप्टेंबर

धनराज,

लच्छूनं गोणपाटात बांधलेलं पार्सल मूलच्या स्टँडवर उतरवलं. मी ऑटोत घालून आणलं. तुझं पत्र शोधलं गोणपाटात, सापडलं नाई. तू नाई लिहिणार हे माहीत होतं तरी शोधलं.

टेल सोमारीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं. मी ते त्याइच्या पुढ्यात ठेवलं. त्याइनं लुगडं सोडलं, हात ठेवला, अन् ओळखलं. मी सारं सांगून टाकलं, पत्रं लिहिली म्हून, मार्चपासून. मले वाटलं चिडतील. ते ऐकतच नव्हते. चाक फिरवून पाहत होते. एका बोटानं फिरत होतं, धनराज. आमचं हेड दहा दिवस हललं नाई अन् तुझं टेल एका बोटानं. त्याइनं स्क्रूच्या आट्यात नख घातलं, वास घेतला. म्हणाले, "मोहाच्या टोळीचं तेल आहे. अन् हे आजचं नाई. थरावर थर आहे. दरसाल लावलेलं आहे."

मोहाच्या बियांचं तेल सोमारीच काढत असेल घाणीवर. म्हणजे दरसाल तिच्या हातचं तेल होतं त्या लोखंडाले.

गोणपाटात तळाशी पळसाच्या पानात मोहाचे लाडू होते. ते भी तिचेच. मी एक त्याइच्या हातात देल्ला. त्याइनं विचारलं, कोणाचा? मी खोटं बोलली नाई. म्हटलं, सोमारीनं बनवून पाठवले.

त्याइनं लाडू खाल्ला नाई. हातात धरला, मंग पानात परत ठेवून देल्ला अन् म्हणाले, "हा माझा बाजूले ठेव."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, डोळे गेले पण तो ताठा नाई गेला तुमचा. वीस वर्षं ती तुमच्या मशीनीले तेल लावत आली अन् तुमाले अजून तिच्या हातचं चालत नाई. मी त्याइच्यासमोर बसून बाकीचे सारे लाडू खाल्ले, एकामागून एक. पोट दुखून राह्यलं. चांगले झाले होते, तिले सांगजो.

टेल अजून लावलं नाई. तसंच पडलं आहे पडवीत. आमचं बोलणं बंद आहे.

वयनी


३० सप्टेंबर

धनराज,

मागचं पत्र मी रागात टाकलं. ते वाचून तुले अन् सोमारीले काय वाटलं असेल, ह्या विचारानं मले अन्न गेलं नाई. म्हून हे लच्छूच्या हातात स्वतः नेऊन देणार आहे, अन् त्याले सांगणार आहे की धनराजनं वाचल्याशिवाय गाडी हलवाची नाई.

मी आठ-दहा दिवस बोलली नाई त्याइच्याशी. काल संध्याकाळी थेंब टाकत होती डोळ्यात, तेव्हा त्याइनं माझा हात धरला. म्हणाले, "लाडू फेकला तर नाई ना?" मी म्हटलं, आहे, मुंग्या लागू नये म्हून पाण्यात वाटी ठेवली आहे. म्हणाले, "मी भर गावासमोर तिच्या हातचं नाई म्हटलं. अन् आता पार्सलमधून आलेलं घरात बसून खाऊ? चोरून खाल्ल्यासारखं होईल. ज्या तोंडानं नाई म्हटलं ते तोंड तिच्यासमोर घेऊन जावं लागते. तिच्या चुलीपाशी बसून खाईन. तिनं देल्लं तर."

मी म्हटलं, अन् नाई देल्लं तर?

"तर उपाशी परत येईन. तिचा हक्क आहे."

मी त्याइच्या डोळ्यात थेंब टाकत होती, ते कुठं पडले देव जाणे.

मंग मशीनीचं बोलले. टेल इथी लावाचं नाई म्हणते. मी म्हटलं, आता काऊन, पडवी तयार आहे, मोटार तयार आहे. म्हणाले, "तोडली मी माझ्या अंगणात. जोडीन त्याच्या अंगणात. बोल्ट मी खोलले, मीच आवळीन. पण हेड अन् टेलचे टोक एकमेकासमोर आले का नाई, नाकासमोर नाक, ते मले आता दिसत नाई. ते लहान्याले पाहावं लागेल. बाबाच्या वेळेस भी तोच पाहत होता." अश्वजित म्हणाला मी पाहून देतो की. त्याइनं मान हलवली. म्हणाले, तुझं काम चांगलं आहे बापू, पण हे त्याचं आहे.

मी विचारलं, मंग मशीन राहील कुठी? म्हणाले, लहाना म्हणेल तिथी. मी विचारलं, अन् तुम्ही? ते पट्ट्या मोजाले लागले. तूच ठरव. माझं म्हणशील तर मले धान कापणीपर्यंत फुरसत आहे, अन् थेंबाच्या बाटल्या मी जास्तीच्या घेतल्या आहेत.

परवा दसरा. हत्यारं पुजू, त्या दिवशी मशीनीले हात लावाचा नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजीच्या गाडीनं निघतो, मूल, गडचिरोली, आलापल्ली. हेड, टेल, पट्ट्या, मोटार सारं गाडीत चढवलं आहे. टेल त्याच लुगड्यात परत गुंडाळलं. लाडवाची वाटी मी मांडीवर धरणार आहे.

तू आमाले नको म्हणत असशील तर लच्छूच्या हातानं निरोप दे. मी त्याइले समजावून सांगीन. पण निरोप आला नाई तर आम्ही येतो असं समज.

सोमारीले सांगजो, भात थोडा जास्त टाकजो. भाजी काही भी चालते, अंबाडी असली तर ह्याइले आवडते. चटईवर बसता येते त्याइले, खुर्ची मागून आणू नको.

अन् अंगणापासून चुलीपर्यंत मधी काही ठेवू नको, बाज नाई, गुंड नाई, काही नाई. कोणी हात धरू नका, म्हणते हे. स्वतःच्या पायानं जातो म्हणते.

तुझी वयनी